सोबत : वरीलप्रमाणे

दर वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या ऑफिसातून शेकडो ई-मेल जातात. प्रत्येक मेल वेगळ्या माणसाला, आणि प्रत्येकाला ज्याचे त्याचे कागद जोडलेले. कुणाला दोन, कुणाला चार. हे सगळं एक सॉफ्टवेअर करतं. यादी वाचतं, फाईली शोधतं, माणसाशी जुळवतं, मेल लिहून पाठवतं आणि काय पाठवलं त्याची नोंद ठेवतं. ऑफिसात नवीन येणाऱ्या मुलामुलींना वाटतं, ही मॅडमची करामत. ते ऐकलं की मला अवघडल्यासारखं होतं. त्यात माझं म्हणावं असं फार थोडं आहे. बाकीचं ज्यांच्याकडून माझ्यापर्यंत आलं, त्यांच्या खाती ते जमा व्हावं एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

सांगलीतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी लागले तेव्हा बी.कॉम. झाले होते आणि टॅली येत होतं. तेवढ्या भांडवलावर आपल्याला सगळं येतं असा समज होता. ऑफिसात टपालाचं काम एक वयस्क गृहस्थ बघत. सगळे त्यांना तात्या म्हणत. जिल्हा परिषदेच्या बारनिशीत त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर सरांनी त्यांना दुपारपुरतं बोलावलं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर जावक नोंदवही, डिंकाची बाटली, ओल्या स्पंजची वाटी आणि टोक काढलेली पेन्सिल, एवढाच त्यांचा पसारा.

त्यांचं काम मी रोज बघत होते आणि मला ते कळत नव्हतं. पत्राच्या तळाशी ‘सोबत’ लिहून पुढे कागदांची संख्या असते. तात्या ती वाचत, मागचे कागद मोजत, त्या संख्येवर पेन्सिलीने बारीक खूण करत आणि मगच सगळं पाकिटात घालत. पाकीट मात्र लगेच चिकटवत नसत. ढिगातलं शेवटचं पत्र होईपर्यंत सगळी पाकिटं उघड्या तोंडाने ओळीत मांडलेली असत. मग ते टेबलावर बघत, एखादा कागद उरलाय का. मग पाकिटांवरून नजर फिरवत, एखादं रिकामं राहिलंय का. दोन्हीकडे काही उरलं नाही की डिंकाची बाटली उघडायची. मी मनात म्हणायची, एवढ्या वेळात माझी दोन रिटर्न भरून झाली असती.

एकदा हाताशी काम नव्हतं म्हणून त्यांना कागद लावायला मदत केली. ढिगात दोन पाटील होते. पहिलं नावही एकच, वडिलांचं नाव तेवढं वेगळं. तात्यांनी दोन्ही पाकिटं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, ‘‘पोरी, आपल्या जिल्ह्यात पाटलांना काय तोटा? नावाला भुलायचं नाही. नंबर बघायचा.’’ मी मान डोलावली. म्हातारी माणसं सांगतात तसं काहीतरी, एवढंच त्याचं मोल तेव्हा मला वाटलं.

त्यांची आणखी एक गोष्ट होती. पत्र पेटीत पडलं म्हणजे पोचलं, असं ते मानत नसत. ‘अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’ची सोय पोस्टाने २०११ साली बंद केली, पण त्याच्या आधीपासून तात्यांना तो शिक्का अपुराच वाटे. त्याने पत्र पोस्टात दिल्याचं कळतं, मिळाल्याचं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. महत्त्वाचं पत्र रजिस्टरने जाई आणि पोचपावती परत आली की ती जावक नोंदवहीत त्या त्या क्रमांकासमोर चिकटवली जाई. पावती आली नाही तर ती जागा कोरी दिसे. कोऱ्या जागांची ते दर शनिवारी विचारपूस करत.

आता ज्या कामाने माझी आणि त्या सॉफ्टवेअरची गाठ घातली ते सांगते. नोकरदारांचा फॉर्म १६ हे आमच्या ऑफिसचं मोसमी काम. शिक्षण संस्था, कारखाने, पतसंस्था असे आमचे क्लायंट आणि त्यांचे कर्मचारी. मार्चअखेरच्या तिमाहीचं २४क्यू विवरणपत्र भरायची शेवटची तारीख ३१ मे, आणि कर्मचाऱ्याला फॉर्म १६ द्यायची १५ जून. विवरणपत्र मार्गी लागल्याखेरीज आयकर खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवरून फॉर्म उतरवता येत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात हातात फार थोडे दिवस राहतात. उशिराला कायद्यात दर दिवसाचा दंड आहे. तो १०० रुपये होता, २०२२च्या वित्त कायद्याने ५०० केला.

शिवाय फॉर्म १६ म्हणजे एकच कागद नसतो. भाग अ वेगळा, त्यात कापलेल्या आणि भरलेल्या कराचा तपशील. भाग ब वेगळा, त्यात पगार, वजावटी आणि कराचा हिशेब. ज्यांना पगाराबाहेर काही सवलती मिळतात त्यांचा १२बीए. आणि आमच्या ऑफिसकडून वर्षाचं पगारपत्रक. म्हणजे कुणाच्या नावावर तीन फाईली, कुणाच्या चार. वर्षाच्या मध्ये नोकरी सोडलेल्याच्या नावावर कधी दोनच.

हे सगळं आधी छापून टपालाने जात होतं. पुढे सगळ्यांना मेलवर हवं झालं आणि ते काम आपोआप माझ्याकडे आलं. मी एकेक मेल उघडून फाईल जोडत बसे. वर्डच्या मेल मर्जने प्रत्येकाला नावानिशी मेल जातो हे कळलं तेव्हा सुटले असं वाटलं. पण त्यात जोडपत्र लावायची सोयच नाही. पत्र सुरेख जाई, ‘सोबत’पुढे मात्र काही नाही. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून हे होतं असं कुणीतरी सांगितलं. मला कोड वाचता येत नव्हता, आणि जो आपल्याला वाचता येत नाही त्याच्या हवाली लोकांच्या पगाराचे कागद करायला मन धजेना. मग जून आला की रात्री जागायच्या, हेच ठरून गेलं.

२०२१च्या उन्हाळ्यात माझी भाची घरून काम करायला पुण्याहून सांगलीला आली. ती संख्याशास्त्र शिकलेली, एका कंपनीत डेटाचं काम करते. एका रात्री माझ्या शेजारी बसून ती बघत होती. ‘‘मावशी, हे तू हातानं करतेस? अगं, एकेक?’’ तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, कीव होती, आणि ती मला जास्त लागली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या संगणकावर नाईम नावाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. पैसे किती, विचारलं. म्हणाली, काही नाही.

काही नाही, हे मला पटेना. फुकट मिळणाऱ्या वस्तूमागे कुणाचे तरी कष्ट असतात हे हिशेब लिहिणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. पुढे चौकशी केली. जर्मनीत स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून कॉन्स्टान्झ नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात मायकेल बर्टहोल्ड या प्राध्यापकांच्या गटाने २००४ साली हे काम हाती घेतलं आणि २००६ साली पहिली आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. सुरुवातीला डोळ्यांसमोर होत्या औषधं शोधणाऱ्या कंपन्या आणि त्यांच्या माहितीचे डोंगर. सांगलीच्या ऑफिसात फॉर्म १६ पाठवणारी बाई त्यांच्या स्वप्नातही नसेल. तरी त्यांनी दार उघडं ठेवलं म्हणून मी आत जाऊ शकले. त्या माणसांना मी कधी भेटणार नाही, पण माझ्या देण्यांच्या यादीत ती आहेत.

नाईममध्ये कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर छोटे चौकोन मांडायचे, त्यांना नोड म्हणतात. एक नोड एक्सेल वाचतो, एक फोल्डरमधल्या फाईलींची यादी करतो, एक जुळवणी करतो, एक मेल पाठवतो. त्यांना तारांनी जोडायचं की पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जावं तशी माहिती पुढे जाते. अशा जोडलेल्या मांडणीला आम्ही फ्लो म्हणतो. प्रत्येक नोडखाली सिग्नलसारखे तीन दिवे : लाल म्हणजे अजून सांगायचं बाकी आहे, पिवळा म्हणजे तयार आहे, हिरवा म्हणजे काम झालं. कुठल्याही नोडवर थांबून आत काय आहे ते बघता येतं. मॅक्रोची जी भीती होती ती इथे गेली, कारण इथलं मला वाचता येत होतं.

त्या वर्षी कोविडमुळे फॉर्म १६ची मुदत आधी १५ जुलै आणि मग ३१ जुलैपर्यंत वाढवली गेली. त्या वाढीव मुदतीत आमचा फ्लो उभा राहिला. बसायची भाची, पण हात माझे असावेत असा तिचा हट्ट. ‘‘मी करून दिलं तर पुढच्या जूनमध्ये तू मला फोन करशील,’’ ती म्हणाली. शिकवणाऱ्याने हात मागे बांधून बसणं किती अवघड असतं, ते मी स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं.

पहिलाच प्रश्न आला तो फाईल कुणाची हे ओळखायचं कसं. मी सरळ नावाने जुळवायला निघाले होते. यादी उघडली तर पडद्यावर पाटलांची रांग लागली, आणि कितीतरी वर्षांपूर्वी तात्यांनी समोर ठेवलेली ती दोन पाकिटं आठवली. नंबर बघायचा. ट्रेसेसच्या पीडीएफ फाईलींच्या नावाची सुरुवात पॅनने होते. पॅनची दहा अक्षरं, पहिली पाच इंग्रजी अक्षरं, मग चार आकडे, शेवटी पुन्हा एक अक्षर. एका नोडला सांगितलं, फाईलच्या नावातली पहिली दहा अक्षरं काढ. दुसऱ्याला सांगितलं, ती एक्सेलमधल्या पॅनशी जुळव. पगारपत्रकं आणि १२बीए आम्ही बनवत होतो आणि त्यांची नावं ‘पाटील नवीन’, ‘पाटील अंतिम २’ अशी होती. ती सगळी बसून बदलली. संगणकाचं काम म्हणून जे सुरू केलं, त्यातला मोठा भाग निघाला फाईलींना शिस्त लावण्याचा.

दुसरा प्रश्न एकापेक्षा जास्त जोडपत्रांचा. मी ओळीमागे एक फेरी लावली होती, आणि यादीत फाईलीमागे एक ओळ होती. चाचणीत सगळे मेल माझ्याच पत्त्यावर येत होते. बघते तो एकाच माणसाच्या नावाचे चार मेल, प्रत्येकात एक फाईल. भाची हसली आणि म्हणाली, ‘‘मावशी, तुझं पाकीट माणसागणिक आहे की कागदागणिक?’’ तिने ओळींचे पॅनप्रमाणे गट करायला शिकवलं. एका गटाला एक फेरी, एका फेरीला एक मेल, आणि त्या गटातल्या सगळ्या फाईलींचे पत्ते एकत्र करून मेलच्या नोडला द्यायचे. मग दोन फाईली असोत की चार, मेल एकच. एका रविवारी सकाळी बसलो होतो, पहिला नीट मेल आला तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली होती.

तात्यांनी तोवर ऑफिसला येणं सोडलं होतं. लस घेऊन झाल्यावर एका दुपारी ते सहज भेटायला आले. मी उत्साहाने त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि फ्लो चालवून दाखवला. दिवे एकामागून एक हिरवे झाले. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जवळ येऊन बघितलं आणि विचारलं, ‘‘उरलं काय, ते कुठं दिसतं?’’

मला उत्तर देता आलं नाही. जुळलेल्या ओळी पुढे जात होत्या. न जुळलेल्या कुठे जात होत्या हे मी बघितलंच नव्हतं. जुळवणीच्या नोडची खिडकी उघडली. तिथे तीन चौकटी होत्या. जुळलेल्या ओळी, डावीकडच्या न जुळलेल्या, उजवीकडच्या न जुळलेल्या. खूण फक्त पहिलीवर. बाकीच्या दोन रोज डोळ्यांसमोर होत्या. खाली आणखी एक खूण होती, तिन्ही याद्या वेगवेगळ्या काढायची. तात्यांच्या समोरच त्या खुणा केल्या. पडद्यावर दोन नव्या याद्या आल्या. एकीत ज्यांना एकही फाईल मिळाली नाही अशी माणसं, दुसरीत ज्यांना माणूस मिळाला नाही अशा फाईली. रिकामी पाकिटं आणि टेबलावर उरलेले कागद. तात्यांनी याद्या वाचल्या, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, ‘‘हां. आता चिकटव.’’

त्या दुपारनंतर मी फ्लो नव्याने मांडला. खरं तर मी तात्यांचं टेबल मांडत होते. एक्सेलच्या यादीत एक स्तंभ वाढवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘सोबत’. त्यात दर माणसाला किती कागद जायचे ती संख्या, यादी करतानाच हाताने भरायची. फ्लो प्रत्येक गटातल्या फाईली मोजतो आणि त्या संख्येशी ताडून बघतो. जुळलं तर मेल पुढे, नाही तर तो माणूस थांबतो आणि वेगळ्या यादीत येतो. आणि सगळ्या गटांची मोजणी होऊन दोन्ही उरलेल्या याद्या रिकाम्या झाल्याशिवाय पाठवणारा नोड चालवायचाच नाही. सगळी पाकिटं उघडी असतानाच शेवटची नजर. ज्याला मी वेळकाढूपणा म्हणत होते, तो या कामाचा कणा होता. पाठवणं तर कुठलंही यंत्र करतं.

जोडपत्रं मेलमधून जातात तरी कशी, हे मला आकाराच्या अडचणीमुळे कळलं. काही स्कॅन केलेले कागद जड होते. मेलसेवा २५ एमबीपर्यंत घेते म्हणून मी २२-२३ एमबीपर्यंत निर्धास्त होते, तरी मेल परत येई. भाचीने समजावलं. मेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बनला. फाईल त्यातून न्यायची तर तिचे दर तीन बाइट चार अक्षरांत लिहावे लागतात, त्यामुळे फाईल एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे २५ची मर्यादा प्रत्यक्षात १८च्या आसपास येते. मग स्कॅन हलके केले आणि गटातल्या फाईलींच्या आकाराची बेरीज करणारा नोड आणखी एक जोडला.

ही युक्ती ज्या ठरावातून आली त्याला माइम म्हणतात. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी तो जून १९९२मध्ये मांडला. त्याच्या आधी ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी पहिलं जोडपत्र पाठवलं होतं. त्यात त्यांच्या हौशी गायक चौकडीचा फोटो होता आणि त्यांनी म्हटलेलं गाणं. मेलच्या पोटात सीमारेषा आखायच्या, पहिल्या भागात पत्र, पुढच्या भागांत एकेक कागद, प्रत्येकावर तो कोणत्या जातीचा आहे याची चिठ्ठी, अशी ती रचना. वाचताना मला पुन्हा जावकचं टेबल दिसलं. त्याच सुमारास कीथ मूर यांनी मेलच्या विषयाच्या ओळीत इंग्रजीबाहेरची अक्षरं कशी लिहायची हे ठरवून दिलं. मी ‘आपला फॉर्म १६’ असं देवनागरीत लिहिते आणि ते शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या फोनवर नीट उमटतं, ते या तिघांच्या जोरावर. नेड फ्रीड २०२२ साली गेले. बातमी वाचली त्या दिवसांत आमचे मेल लवकरच सुरू होणार होते. त्यांची आठवण ऑफिसात कुणाला काय सांगणार? मी आपली मनात ठेवली.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या मेलसेवेने बाहेरच्या प्रोग्रॅमना साध्या पासवर्डावर आत घेणं थांबवलं. पाठवणारा नोड अडला. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागला. भाची तोवर पुण्याला परतली होती. मी तिला फोन केला नाही. चूक काय ते नोड स्वतःच सांगत होता, ते वाचलं आणि तिने शिकवलं होतं तसं एकेक नोड मागे जात शोधलं. तिच्या त्या हट्टाचं ऋण मला त्या दिवशी मोजता आलं.

दुसरं शिक्षण नोंदीचं. फेऱ्या चालू असताना एखादा पत्ता चुकीचा निघाला तर फ्लो तिथेच थांबे, आणि पुन्हा सुरू केला तर आधी गेलेल्यांना दुसऱ्यांदा मेल जाण्याची भीती. यावर दोन उपाय केले. अडलेल्या मेलला बाजूला काढून पुढे जाणारे नोड लावले. आणि प्रत्येक मेलनंतर एका एक्सेलमध्ये ओळ पडू लागली : क्रमांक, तारीख, वेळ, पॅन, फाईलींची नावं, संख्या. फ्लो सुरू होताना आधी ही नोंद वाचतो आणि ज्यांची ओळ पडली आहे त्यांना वगळतो. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५००च्या वर पाठवता येत नाही. त्यामुळे काम दोन-तीन दिवसांत विभागायचं तरी हीच नोंद उपयोगी पडते. तिच्या पहिल्या स्तंभाला मी ‘जावक क्रमांक’ असं नाव दिलं आहे. ते कुणाला विचित्र वाटलं तर वाटो.

आणि शेवटचा स्तंभ कोरा सोडला आहे. मेलसेवेने मेल स्वीकारला म्हणजे समोरच्याच्या पेटीत तो पडला असं नसतं. पेटी भरलेली, पत्त्यात एक अक्षर कमी, असे मेल मिनिटांनी नाहीतर तासांनी परत येतात. फ्लोच्या लेखी मात्र तो नोड हिरवाच असतो. परत आलेले मेल मी हाताने त्या स्तंभात लिहिते आणि त्या माणसांना फोन करते. दिवा हिरवा झाल्यावरही काम उरतं, हे मला सॉफ्टवेअरने शिकवलं नाही. पोचपावतीसाठी मोकळी सोडलेली जागा मी कितीतरी वर्षं बघितली होती, म्हणून ते कळलं.

गेल्या दोन मोसमांपासून आमच्याकडे एक मुलगी आहे, मिरजेहून येते. तिला मी फ्लो शिकवला, हात मागे बांधून. नाईममध्ये नोडांच्या वर टिपणं लिहून ठेवता येतात. मी ती मराठीत लिहिली आहेत. ‘नावाला भुलायचं नाही.’ ‘उरलं काय ते आधी बघ.’ ‘आता चिकटव.’ तिने विचारलं, हे कुणाचं बोलणं? मी सांगितलं. तिने तात्यांना बघितलेलं नाही. ते आता गावी असतात.

तिने त्यात स्वतःची भर घातली. पॅनचं चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर असतं, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्याचा उपयोग करावा हे मला सुचलं नव्हतं. यादीत पॅन लिहितानाच चूक झाली तर माझी सगळी जुळवणी त्या चुकीवरच उभी राहते. तिने पाचवं अक्षर आडनावाशी ताडून बघणारा नोड लावला. पहिल्याच चाचणीत ढीगभर नावं अडकली आणि जवळजवळ सगळ्या बायका. लग्नानंतर आडनाव बदलतं, पॅन तोच राहतो. पाचवं अक्षर माहेरचं असतं. ती हिरमुसली. मी म्हटलं, नोड काढू नकोस, फक्त त्याला मेल अडवू देऊ नकोस. आता ती यादी ‘बघून घ्या’ या नावाने वेगळी निघते. माहेरच्या नावांमधून खरी चूक तेवढी वेचून काढायची. ते काम तिला चांगलं जमतं, कारण तिला घाई नाही.

या सगळ्यांचं देणं फिटण्यासारखं नाही. भाचीला पैसे विचारले तर ती रागावेल. कॉन्स्टान्झच्या माणसांना माझा पत्ताही माहीत नाही. तात्यांना दिवाळीत फोन करते तेव्हा ते विचारतात, जूनचं टपाल नीट गेलं का? मी हो म्हणते आणि किती गेले, किती परत आले तेही सांगते. परत आलेल्यांचा आकडा ते दोनदा विचारतात.

जूनमध्ये फ्लो आता ती मुलगीच चालवते. यादी ती करते, ‘सोबत’चा स्तंभ ती भरते, चाचणी ती बघते. मी फक्त न जुळलेल्या दोन याद्या उघडते, त्या कोऱ्या आहेत याची खात्री करते आणि तिला पुढे जायला सांगते. एवढं काम मात्र अजून कुणाच्या हातात द्यायला मी तयार नाही.